उजेडाला लावलेला कान

रस्त्याकडेच्या बाभळींना पुन्हा कापूस लागला आहे.

दिवाळी सरत आली आणि धुळ्याहून पारोळ्याच्या दिशेने निघाले की हे दृश्य दिसू लागते. कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या झाडांना घासून जातात आणि बाभळी आपला वाटा काट्यांनी काढून घेतात. वाऱ्यावर ते पुंजके थरथरतात, पण सुटत नाहीत. नवख्या माणसाला वाटावे, या झाडाला फूलच असे येते. एसटीच्या खिडकीतून मी ते पाहत असते आणि तेवढ्यात सरकीचा वास येतो, तेलकट, उबदार, थोडा कडसर. पाठोपाठ जमिनीतून उगवल्यासारखी एक घरघर. कापूस आणि सरकी वेगळी करणारी एखादी जीन आधीच सुरू झालेली असते.

त्या घरघरीबरोबर मला दर वर्षी एक तारा आठवतो. हा तारा मी कधी पाहिलेला नाही. तो डोळ्यांना दिसणारा नव्हेच. तरीही एका हिवाळ्याच्या तोंडाशी तो आमच्या धुळ्याच्या घरी पंधरा दिवस मुक्कामाला होता, आणि माझ्या वडिलांचा कान त्याने तपासला होता.

माझ्या वडिलांना सगळे आबा म्हणतात, मीही. चाळीस वर्षे ते पारोळा रस्त्यावरच्या एका जीनमध्ये फिटर होते. लहानपणी ते घरी आले की आधी त्यांच्या भुवया दिसत, पांढऱ्या. मग भुवया झटकल्यावर आबा दिसत. त्यांच्या सदऱ्याला, केसांना, अगदी पोळीच्या घासालाही कापसाचे तंतू चिकटलेले असत. मोठ्याने बोलण्याची त्यांची सवय आम्हाला राग वाटे. पुष्कळ उशिरा कळले की तो राग नव्हता. यंत्रांच्या वर आपला शब्द पोचवण्याचा तो रोजचा सराव होता.

निवृत्त झाल्यावरही वर्षातून एकदा त्यांना बोलावणे येई. लाभपंचमीला जीनचा मुहूर्त. त्या सकाळी नारळ फोडण्याआधी सगळी यंत्रे रिकामी चालवतात आणि शेडमध्ये कुणीही बोलायचे नाही असा दंडक असतो. मग आबा एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात लाकडी मुठीचा लांब पेचकस घेऊन यंत्रांच्या रांगेतून चालत. पेचकसाचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. लोखंडाचा आवाज लाकडातून हाडात उतरे. यंत्र ठीक असेल तर खडूची उभी रेघ. उघडून पाहावे लागणार असेल तर फुली. रांग संपली की ते वळून हात वर करत आणि म्हणत, "चालू द्या." मगच पहिला कापूस यंत्रांच्या रूळांवर पडे. याला तिकडे 'कान लावणे' म्हणतात. मी आयुष्यभर कविता शिकवली, ओळीला कान लावायला मुलांना सांगितले. पण मिटल्या डोळ्यांचे ते आबा आठवले की वाटते, ऐकणे म्हणजे काय ते मी तिथे, त्या पांढऱ्या धुळीत उभी राहून शिकले.

त्या वर्षी बोलावणे घेऊन सुपडूभाऊ आले. आबांच्या हाताखाली तयार झालेले, आता जीनचे फिटर. दारातूनच म्हणाले, "आबा, लाभपंचमीले मुहूर्त शे. कान लावाले येतस ना?"

आबांनी "येस", येतो, असे म्हटले नाही. म्हणाले, "दखू," म्हणजे बघू.

सुपडूभाऊंचा चहा कपात निवला. आबा नकार देत नव्हते, होकारही देत नव्हते. मी समजले, थकले असतील.

माझी मुलगी जुई त्याच सुमारास जळगावहून दिवाळीच्या सुट्टीला आली होती. एम.एस्सी.चे शेवटचे वर्ष, आणि प्रकल्पाला तिने एक न्यूट्रॉन तारा घेतला होता. उपग्रहाने टिपलेली, सर्वांसाठी खुली असलेली त्याची मोजमापे तिच्या लॅपटॉपमध्ये होती. तारे पाहायला रात्र लागते या माझ्या समजुतीला तिने पहिल्याच दिवशी सुरुंग लावला. भर दुपारी, गच्चीवर, उन्हाकडे पाठ करून ती तारा पाहत बसे.

तिने सांगितले ते मी माझ्या भाषेत मांडते. एक मोठा तारा जळून संपतो आणि त्याचा गाभा स्वतःतच कोसळतो. जे उरते ते सूर्याहून जड, पण एवढेसे की धुळ्याहून निघून पारोळ्याच्या अर्ध्या वाटेच्या थोडे पुढे संपावे. कंबरेच्या उंचीवरून तिथे एक सरकी सोडली, तर जमिनीला टेकेपर्यंत तिचा वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्या वर गेलेला असेल. मी ते ऐकले आणि हातातली भाजी निवडायची थांबले. एक सरकी! आणि तिथे तर शेजारच्या जोडताऱ्याचा वायू अखंड पडतो आहे. तो सरळ पडत नाही. फिरत फिरत, चकती होऊन, आत आत सरकत जातो. तापून त्याचे कोट्यवधी अंश होतात आणि तो क्ष-किरणांनी उजळतो.

"म्हणजे खळ्यासारखं," मी म्हटले. "मधे तिवड्याचा खांब, भोवती बैल."

"खळ्यात आतला बैल सावकाश चालतो, आई. बाहेरच्याची धावपळ होते. इथे उलटं. सगळ्यात आतला सगळ्यात वेगात."

"किती?"

"सेकंदाला सातशे, आठशे फेऱ्या. कधी हजाराच्या वर. ताऱ्याच्या अंगाला जवळजवळ चिकटून."

मी डोळ्यांची एक उघडझाप केली. तेवढ्यात त्या वायूने ताऱ्याला शेकडो प्रदक्षिणा घातल्या होत्या.

त्या फेऱ्यांमुळेच, असे मानतात, ताऱ्याचा उजेड कापतो, थरथरतो. नेमके कसे, हे अजून पुरते कुणाला उमगलेले नाही, हेही जुईने सांगितले आणि मला ते फार आवडले. उजेडाचा फार थोडा भाग असा कापतो. बाकीच्या गजबजाटात तो बुडून जातो. शिवाय तो घड्याळासारखा पक्का नसतो. वेग जरा चढतो, जरा उतरतो, आसपास रेंगाळतो. मला चटकन उमगले. काही तारे वृत्तात लिहिलेले असतात, गण मोजून, एक मात्रा इकडची तिकडे न होता. हा तारा ओवीत होता. ओवीची लय असते, पण तिला श्वासापुरती मोकळीक असते. म्हणणाऱ्याच्या दमानुसार ती लांबते, आखडते, तरीही ओवीच राहते. माझी उपमा ऐकून जुई हसली. मग म्हणाली, "चालेल. पण हे प्रकल्पात लिहिता येणार नाही."

आणि तिची ओवी तिला सापडत नव्हती. दोन आठवडे ती मोजमापे चाळत होती. उजेड वाढला, म्हणजे पडणारा वायू वाढला. तेव्हा कंपनाचा वेग उतरलेला असणार, असे धरून ती खाली खाली शोधत होती. जीनच्या गावात वाढलेल्या मुलीकडूनच व्हावी अशी ही चूक. रूळांवर कापसाचा ढीग पडला की मोटार कण्हते, आवाज खाली बसतो, हे तिच्या कानात तिसऱ्या वर्षापासून मुरले होते. फोनवर तिचे सर हसले. म्हणाले, वर बघ. तिने वर पाहिले. आणि तिथे, आलेखातल्या गजबजाटाच्या थोडीशी वर, एक बारीक टेकडी उभी होती. उजेड वाढत गेला तशी ती टेकडी वर वर सरकत होती. कधी तिच्या शेजारी दुसरीही दिसे, जोडीने चढणारी.

त्या दिवशी गच्चीवर ती नाचली. मग तिच्या मनात आले, आबांना दाखवावे. आलेख काय दाखवणार? तिने त्या चढउतारावरून एक स्वर बांधला. काही तासांची हालचाल दोन मिनिटांत आटवली आणि लॅपटॉपच्या इवल्या स्पीकरात दबू नये म्हणून स्वर तिप्पट वर चढवला.

मुहूर्ताच्या आदल्या दुपारची गोष्ट. आबा गच्चीत उन्हाला बसले होते. चिमण्यांसाठी पाण्याचे ताट ठेवलेले असते, त्याचा कवडसा टाकीच्या भिंतीवर पडला होता.

"आबा, माझा तारा ऐकता का?"

"तारा बोलस का?"

"बोलत नाही. त्याचा उजेड थरथरतो. त्या थरथरीचा मी आवाज केलाय."

आबा हसले आणि, मला वाटते केवळ नातीच्या हौसेखातर, आत जाऊन आपला पेचकस घेऊन आले. लॅपटॉपच्या कडेला टोक टेकवले, मूठ कानामागे लावली, डोळे मिटले. स्वर सुरू झाला. बारीक, न थांबणारा, हळूहळू चढणारा. आबांच्या कपाळावर आठी आली.

"हाऊ काबर चढी ऱ्हायना?"

"वायू जास्त पडतोय म्हणून."

"भार वाढना का आवाज बसस. चढत नही. तुनं मशीन उलटं जोडेल शे, पोरी."

"तिथे चढतोच, आबा. भार वाढला की चकतीची आतली कड आणखी आत दाबली जाते. जितकी आत, तितकी जोरात फिरते."

आबांनी डोळे उघडले. "म्हणजे जास्ती घाला, अन जास्ती पळस? असं जीन माले चाळीस वरीसमा भेटनं नही!" त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी क्वचित पाहिला आहे. पुन्हा डोळे मिटून ते ऐकू लागले. स्वर चढत होता. चढत होता. मग ते म्हणाले, "थांबी गयं."

थांबले नव्हते. मी तीन पावलांवर उभी होते आणि मला स्वच्छ ऐकू येत होते, सुईसारखे. जुईने माझ्याकडे पाहिले. आबांनी आमच्या दोघींकडे पाहिले. मग पडद्याकडे, जिथे रेघ अजून वर जात होती.

"चालू शे?"

"चालू आहे, आबा."

त्यांनी पेचकस जरा दाबून धरला, मूठ दुसऱ्या कानामागे नेली. स्वर आपल्या वाटेने वर जात राहिला. आबांनी पेचकस मांडीवर ठेवला आणि सावकाश म्हणाले, "गया वरीसले सात नंबरले मीच उभी रेघ वढेल व्हती. आठ दिनमा धूर निंघना."

गेल्या वर्षी धूर निघालेल्या त्या सात नंबरच्या यंत्राला आबांनीच ठीक ठरवले होते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. सगळ्यांनी धुळीला दोष दिला होता, बेअरिंग तापले, वेळीच पाणी मारले, विषय संपला. पण जीनमध्ये धूर म्हणजे काय ते मला ठाऊक होते. कापसाचा डोंगर, त्यावर चढलेल्या बाया, एक ठिणगी. त्यानंतर डॉक्टरांनी कानातले वरचे स्वर गेल्याचे सांगितले होते आणि ते वर्षभर कुणाला कळू दिले नव्हते, हेही आबांनी तेव्हाच सांगितले. 'दखू'चा अर्थ मला तेव्हा उमगला. उद्या जायचे आणि पुन्हा न ऐकता उभी रेघ ओढायची, की सगळ्यांसमोर सांगायचे की ज्या कानावर तुम्ही चाळीस वर्षे विसंबलात तो गेला?

 खाली शेजाऱ्यांनी पाण्याची मोटार चालू केली. टाकीच्या भिंतीवर इतका वेळ स्तब्ध असलेला कवडसा एकाएकी शहारला. आबा त्याच्याकडे पाहत राहिले. मोटार बंद झाली, कवडसा स्थिरावला. जुईला त्यांनी एवढेच विचारले, "तू आवाज नही मोजत. उजेड मोजस?"

"हो. तिथे पोकळी आहे, आवाज येणारच नाही. येतो तो उजेड. हजारो वर्षांपूर्वी निघालेला."

सेकंदाच्या हजाराव्या हिश्शातली थरथर, हजारो वर्षांच्या वाटेवर पुसली न जाता टिकलेली! आणि इथे, हातभर अंतरावर, चाळीस वर्षांत एक कान पुसला गेला होता. कशाचे नवल करावे ते मला कळेना.

लाभपंचमीच्या सकाळी आबा निघाले तेव्हा त्यांच्या पिशवीत पेचकस होता, खडू होता आणि आमच्या स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी होती. मी आणि जुई सोबत गेलो. शेडमध्ये यंत्रे रिकामी चालू झाली. सगळे चूप झाले. आबा पहिल्या यंत्रापाशी गेले, पेचकस उचलला, आणि मग हात वर करून त्यांनी यंत्रे बंद करायला लावली. असे कधी झाले नव्हते.

"माले बारीक आवाज आयकू येत नही," आबा म्हणाले. नेहमीच्याच मोठ्या आवाजात. त्या आवाजाला कुजबुजता येतच नाही.

सुपडूभाऊंनी मान खाली घातली. "माले म्हाईत शे, आबा. गया वरीसले तुम्ही घर गयात, मंग मी परत कान लाया व्हता."

"मंग सात नंबर तुले सापडना नही?"

सुपडूभाऊ मग पुटपुटले, "मना कानबी तुमनाच जोडीना शे."

 तेवढ्यात कापूस लोटणाऱ्या बायांमधून सखूबाईंचा आवाज उठला, "दोन्ही बहिरा, अन आमले म्हणतस चूप ऱ्हावा!"

हसण्याने पत्रे वाजले. आबाही हसले. मग त्यांनी पेचकस सुपडूभाऊंच्या हाती दिला. वाटीत पाणी ओतून ती पहिल्या यंत्राच्या डोक्यावर, बेअरिंगच्या घराशी ठेवली. छपरातल्या पारदर्शक पत्र्यातून उन्हाचा एक खांब खाली येत होता, तो वाटीत पडला आणि उलटून वर गेला. काळपट छपरावर एक कवडसा उमटला. आबांनी हात वर केला. यंत्रे सुरू झाली.

जिथे ऊन पोचत नव्हते तिथे जुई मोबाइलची बॅटरी धरी. सुपडूभाऊ मिटल्या डोळ्यांनी ऐकत, आबा उघड्या डोळ्यांनी छप्पर पाहत. दोघांचे जुळले तरच उभी रेघ. चौथ्यापाशी सुपडूभाऊंनी मान हलवली, ठीक आहे. पण वर कवडसा धुकट झाला होता, कडा विरघळल्यासारख्या. आबा हटेनात. बेअरिंग उघडले, ते नवेकोरे निघाले. सुपडूभाऊ गालात हसले. मग कुणीतरी खाली वाकून पाहिले तर पायाचा बोल्ट ढिला होता. "पानी चुकत नही," आबा म्हणाले, जणू हे त्यांनी चाळीस वर्षे करून पाहिले होते. अकराव्यापाशी मात्र कान आणि उजेड एकाच क्षणी बोलले. उघडल्यावर आतल्या छर्ऱ्यांवर गंज होता. फुली दाबून ओढताना आबांच्या हातातला खडू मोडला.

मी त्या वेळी छपराकडे पाहत होते. पांढऱ्या धुळीतून वर गेलेला उजेडाचा खांब, त्याच्या टोकाशी थरथरणारा तो लहानसा गोल. दूर कुठे एका ताऱ्यावर वायू पडत होता आणि उजेड असाच कापत होता. तो कापतो म्हणून इथल्या एका मुलीला कळत होते की आत काय फिरते आहे, किती जवळून, किती वेगात. जिथे हात पोचत नाही, कान पोचत नाही, तिथली खबर उजेडाच्या थरथरीने आणावी! एवढ्या मोठ्या आकाशाची आणि आमच्या वाटीतल्या पाण्याची रीत एकच असावी याचे मला भय वाटले, आणि मग भयापेक्षा मोठे काहीतरी, ज्याला मी अजून शब्द शोधते आहे.

रांग संपली. आबांनी सवयीने वळून हात वर केला, पण बोलण्याआधी सुपडूभाऊंकडे पाहिले. सुपडूभाऊंनी मान डोलावली. मग दोघेही एकदम म्हणाले, "चालू द्या."

आता आबांना खालचेही स्वर पुरते ऐकू येत नाहीत. तरी परवा सुपडूभाऊ मुहूर्ताचे बोलावणे देऊन गेले, आणि वाटी घासून, पुसून पिशवीत ठेवलेली आहे. तिच्या बुडाला गोल ओरखडे पडले आहेत. आमच्या घरात तिच्यात आमटी वाढायची नाही असा नियम झाला आहे. जुई दूरच्या गावी त्याच जातीच्या ताऱ्यांमागे लागली आहे. दर वर्षी बाभळींना कापूस लागला की आबा तिला फोन लावायला सांगतात. ऐकू येत नाही म्हणून व्हिडिओवर. पलीकडून ती मोठ्या अक्षरांत कागदावर उत्तरे लिहून दाखवते.

काल आबांनी विचारले, "तुना तारावर भार पडस का आजून?"

तिने कागद धरला. पडतोय, आबा.

"आवाज?"

कागद उलटला. चढतोच आहे.

आबांनी पडद्याकडे निरखून पाहिले. खिडकीतून येणाऱ्या उन्हात तिचा कागद जरासा थरथरत होता. मग त्यांनी हात वर केला.

"मंग चालू द्या."